हलत्या नावांची पत्रिका

इकडंतिकडं बघू नका, चार माणसांनो, तुम्हालाच म्हणणं आहे हे! लग्नपत्रिकेत कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं जाड ठशात, कुणाचं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आणि कुणाचं मुळीच नाही, हा कायदा तुम्ही केलात. कुठल्या कचेरीत बसून केलात ते कुणाला ठाऊक नाही. तुमचा शिक्का कुणी बघितला नाही, तुमची सही कुणी ओळखत नाही. पण बेळगुंदीपासून गुंजीपर्यंत एक घर दाखवा, जिथं तुमचा हुकूम मोडायची कुणाची छाती आहे! इथं सरकारं बदलतात, पाट्यांवरची भाषा बदलते, रस्त्यांची नावं बदलतात. तुमचा क्रम तेवढा बदलत नाही. थोरला काका वर, धाकटा त्याच्या खाली, त्याच्या खाली चुलते, मालते, भाऊबंद, आणि जिनं पोरगा वाढवला ती चुलीपाशी! तुमच्यापायी जेवढी माणसं एकमेकांशी बोलायची बंद झाली, तेवढी सीमाप्रश्नानंसुद्धा झाली नसतील.

या कायद्याला बेळगुंदीच्या रचना किणेकरनं हात घातला. तोही कॉम्प्युटरनं.

रचना बेळगावात, उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायची. संध्याकाळी बसनं घरी आली की जेवणाआधी लॅपटॉप मांडीवर घेऊन काहीतरी बनवत बसायची. ऑफिसचं नव्हे, स्वतःचं. कुणी लोणची घालतं, कुणी स्वेटर विणतं, ही प्रोग्रॅम करायची. आणि झालं की लगेच कोडसकट इंटरनेटवर टाकायची. खाली एक ओळ ठरलेली: ‘घ्या, वापरा, चुका काढा.’

चुका काढायला कुणी येईल तर ना! रताळी काढणीला कधी येतील ते सांगणारं पान तिनं केलं. गल्लीतल्या नळाला पाणी कधी येईल याचा अंदाज बांधणारं दुसरं केलं. दोन्ही पानांना मोजून दोन माणसं भेट देऊन गेली. एक रचना मोबाईलवरून, दुसरी रचना लॅपटॉपवरून. तरी पोरगी रोज सकाळी दात घासता घासता बघायची, कुणी आलं का. नाही, नाव कमवायचं नव्हतं तिला. तिला नुसतं बघायचं होतं, की आपण केलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात पडली की तिचं काय होतं.

ते लवकरच कळलं! आदर्शचं, तिच्या थोरल्या भावाचं, गुंजीच्या आरोहीशी लग्न ठरलं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळं कार्याचे कर्ते भरमाप्पा, म्हणजे थोरले काका. पांढरी टोपी, भारदस्त मिशा, आणि खोकले तरी सभेला संबोधन केल्यासारखे खोकणारे. ते पत्रिकेचा कागद घेऊन आले. कागदावर अख्खी भावकी हारीनं उभी होती, सगळ्यात वर खुद्द भरमाप्पा, झेंडा लावल्यासारखे.

रचनानं वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं.

“आप्पा, आईचं नाव कुठाय?”

भरमाप्पांनी चष्मा कपाळावर चढवला. “कुणाच्या आईचं?”

“आमच्या. नवऱ्यामुलाच्या.”

“अगं, बाईमाणसाचं नाव नवऱ्याच्या नावाला धरून येतंय. सौ. म्हणून. तुझा बा असता तर लावलंच असतं की!”

“मग श्रीमती लावा.”

“श्रीमती? शुभकार्याच्या पत्रिकेत?” दाराला तोरणाऐवजी चप्पल बांधायला सांगितल्यासारखा भरमाप्पांचा चेहरा झाला. “चार माणसं काय म्हणतील!”

“ही चार माणसं कोण, आप्पा? मला त्यांचे नंबर द्या, मी बोलते.”

“राहू दे गं,” आतून मनुबाईंचा, रचनाच्या आईचा, आवाज आला. “मला काय मिरवायचं हाय?”

मिरवायचं नव्हतं, खरं आहे. पण घरात कुणाचीही पत्रिका आली की मनुबाई हातातलं काम बाजूला ठेवायच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईनं गणपतीपासून तळाच्या छापखान्याच्या नावापर्यंत अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय पत्रिका कधी खाली ठेवली नाही. रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडली तर तिचं स्वतःचं नाव छापलेलं तिनं कुठं बघितलं नव्हतं. रचनाला हे माहीत होतं. आणि म्हणून आदर्शच्या पत्रिकेत आईचं नाव आलंच पाहिजे, यावर ती हटून बसली होती.

भरमाप्पांशी वाद घालणं म्हणजे भिंतीला गुदगुल्या करणं. रचनानं वाट बदलली.

“आप्पा, पत्रिकेचं माझ्यावर सोडा. मोबाईलवर उघडणारी करते, छापायला बी तीच द्या. भावकीत एक माणूस जरी रुसला ना, तर नाव बदलीन!”

भरमाप्पांना ते एकदम पटलं, कारण रुसवा त्यांच्या दारातच राहत होता. मागच्या एका लग्नात त्यांचा धाकटा भाऊ मारुतीराव याचं नाव एक ओळ खाली गेलं. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद! दोघांची विहीर एक, पंप एक. त्यामुळं बोलायची गरज पडायचीच. मग भरमाप्पा गोठ्याकडं तोंड करून म्हणायचे, “म्हशे, सांग त्याला, पंप बंद कर म्हणावं.” आणि पलीकडून मारुतीराव, “म्हशे, करतोय म्हणावं!” ती म्हैस मध्यस्थी करून करून वाळली होती.

रचनाची युक्ती सोपी होती. पत्रिका दर वेळी उघडली की नावं पत्ते पिसल्यासारखी पिसून निघणार. अक्षर सगळ्यांचं सारखं. आत्ता मारुतीराव वर, पुन्हा उघडलं की रुक्माबाई आत्या, पुन्हा उघडलं की आणखी कोणी. पायरीच ठेवली नाही तर वरचढ कोण आणि खालचा कोण! तिनं भरमाप्पांची यादी जशीच्या तशी भरली आणि आईला विचारलं, “तुझं नाव घालू का नको?”

मनुबाईंनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “घालायचंच असलं तर तळाला घाल बाई. कुणाच्या डोळ्यावर येऊ नये.”

“आई, तळ-बिळ काय न्हाय ह्यात. सगळी फिरणार.” असं म्हणत रचनानं ते नाव यादीच्या शेवटी टाकलं.

दुसऱ्या दिवशी तिनं भरमाप्पांचं नाव वर येईपर्यंत पत्रिकेची उघडझाप केली, आलं तसा मोबाईल पुढं धरला. भरमाप्पांनी स्वतःचं नाव वाचलं. दुसरं नाव वाचायची त्यांना कधी सवयच नव्हती.

“झकास! पोरगी शिकली त्याचं सार्थक झालं. धाड मला.”

“आप्पा, ऐका तरी, ह्यात एक गंमत हाय—”

“गंमत मग सांग, आधी धाड!”

रचनानं धाडली. भरमाप्पांनी ती भावकीत, गावात, गुंजीच्या सोयऱ्यांत आणि बेळगावच्या छापखान्यात, अशी सगळीकडं उधळली. गंमत सांगायची राहून गेली की मुद्दाम ठेवली, ते रचनालाच ठाऊक. तिनं कोडसुद्धा नेहमीच्या जागी टाकलं: ‘रुसव्याशिवाय पत्रिका. घ्या, वापरा, चुका काढा.’ आणि बघू तरी काय होतंय, म्हणत निवांत बसली.

पहिला मासा गळाला लागला तो मारुतीराव. त्यानं पत्रिका उघडली, स्वतःचं नाव पार खाली दिसलं, आणि त्याचं डोकं फिरलं. “बघ! बघ दादानं काय केलंय!” म्हणत बायकोला दाखवायला त्यानं पुन्हा उघडली, तर नाव मधोमध. सासऱ्याला दाखवायला उघडली, तर नाव सगळ्यात वर! मारुतीरावाचे डोळे पाण्यानं भरले. “दादाला पस्तावा झाला गं! आत्ता, माझ्यासमोर दुरुस्त केली त्यानं!” त्यानं लगेच पानाचा फोटो काढला आणि स्टेटसला लावला. खाली दोन हात जोडलेले, एक फेटा आणि तीन फटाके.

तो स्टेटस भरमाप्पांनी बघितला. “पत्रिकेत खाडाखोड! म्हशे, सांग त्याला, पोलिसात जाईन म्हणावं!”

तेवढ्यात दारात मष्णू उभा. मष्णू हा लांबचा भाऊबंद. आजवर प्रत्येक पत्रिकेत शेवटचा, पाहुणे वाचत वाचत त्याच्यापर्यंत पोचायचेच नाहीत. त्यानं पत्रिका एकदाच उघडली होती आणि नशिबानं नेमकं त्याचंच नाव सगळ्यात वर आलं होतं. कडक इस्त्रीची टोपी, खांद्यावर उपरणं, चालही बदललेली! अंगणातली भरमाप्पांची खुर्ची ओढून तो बसला, आणि मांडव घालायला आलेल्या सिद्रामला म्हणाला, “तोंड उगवतीला करा. माझी तशी विच्छा हाय.”

“तुझी विच्छा?” भरमाप्पा.

“व्हय आप्पा. जबाबदारी अंगावर टाकलासा, आता मागं सरून कसं चालंल?”

“मांडवाचं तोंड रस्त्याला!” भरमाप्पा गरजले.

“म्हशे, मांडव देवळाकडं करा म्हणावं!” पलीकडून मारुतीराव.

सिद्रामनं खांद्यावरचा बांबू खाली टाकला. “अहो, मालक कोण ते आधी ठरवा! मी मांडव घालू का बांबू घेऊन लेझीम खेळू?”

त्यात छापखान्याचा फोन आला. तिथला कानडी माणूस रडकुंडीला आलेला. “एन्री भरमाण्णा, ही पत्रिका हाय का सिनेमा? निम्मी नावं लावली, चहा घेऊन आलो, परत उघडली तर मागची माणसं पुढं, पुढची मागं! मी दिसतील तशी लावली. फोटो धाडलाय, बघा एकदा.”

बघितला. पत्रिकेत मष्णू तीन ठिकाणी होता. मारुतीराव दोन ठिकाणी. भरमाप्पा कुठंच नव्हते!

झालं! अख्खी भावकी देवळाच्या कट्ट्यावर जमली. जो तो मोबाईल दुसऱ्याच्या नाकासमोर धरून उभा. एकाच्या पत्रिकेत वर एक, दुसऱ्याच्यात दुसराच. आणि खरं सांगायचं तर भांडण बाजूला राहिलं आणि लोकांना त्या पानाचं कोडंच पडलं!

“ज्याचा मोबाईल भारीतला, त्याचं नाव वर,” एकानं शोध लावला.

“गप बस, मष्णूच्या मोबाईलची काच तीन जागी फुटलीय!”

“रेंजवर असतंय ते. टाकीवर चढून उघडून बघ.”

दोघं खरंच पाण्याच्या टाकीवर चढले. वरून ओरडले, “हितं रुक्माआत्या आली!” एकजण पाय धुऊन देवाला नमस्कार करून उघडून आला, त्याचं नाव आणखीच खाली गेलं आणि त्याची श्रद्धा डळमळली. कुणी कन्नड कीबोर्ड लावून बघितला, कुणी सिमकार्ड काढून फुंकर मारून परत घातलं. चहाच्या पैजा लागल्या. ज्यांनी आपल्या पोराबाळांच्या पत्रिका नीट वाचल्या नव्हत्या, ते आदर्शची पत्रिका दहादहादा उघडत होते! कोपऱ्यात उभ्या रचनानं चोरून आकडा बघितला. तिच्या पानावर गर्दी उसळली होती. तिला हसू आवरेना.

शेवटी ती पुढं आली. “कुणी खाडाखोड केलेली न्हाय. ती नावं आपोआप फिरत्यात. दर वेळी नवी.”

“मंजे?” भरमाप्पांचा आवाज पहिल्यांदाच बारीक आला. “मी कायमचा वर न्हाय?”

“कायमचं कुणीच न्हाय, आप्पा.”

“आयला, ही पत्रिका हाय का कीर्तन!” मागून कुणीतरी.

हशा पिकला आणि तिथंच घात झाला. भरमाप्पा ताडकन उठले. “बास! ह्या पोरखेळाला आग लावा. माझा कागद आजच्या आज छापखान्यात जाणार. पयला लिवलेला, तसाच्या तसा. त्यात एक बी फालतू नाव न्हाय!”

मनुबाई बायकांच्या घोळक्यात मागं उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बघितलं, एवढंच. ज्या एका नावासाठी एवढा उपद्व्याप केला, ते नाव रचनाच्या डोळ्यांदेखत पुसलं जात होतं. आणि पुसायला तिनंच निमित्त दिलं होतं.

“भरमा, खाली बस रं,” पायरीवरून रुक्माबाई आत्या म्हणाल्या. ही भरमाप्पांची थोरली बहीण. गावात एकटीच अशी, जिच्यासमोर भरमाप्पांच्या मिशा खाली व्हायच्या. मघापासून ती नातवाचा मोबाईल घेऊन एका बोटानं पत्रिका उघडत-मिटत बसली होती. “मी कवापासनं बघायलेय... सगळी नावं बेडकासारखी उड्या मारायल्यात. तळाचं एक तेवढं हलंना.”

“कुठलं तळाचं?”

“श्रीमती मनुबाई. मघाशी बी तितंच. आत्ता बी तितंच.”

सगळ्यांचे अंगठे एकदम चालू झाले.

“माझ्यात बी मनुबाई!”

“माझ्यात बी तळाला मनुबाई!”

टाकीवरून आरोळी आली, “हितं बी मनुबाईच!”

रचनाच्या कपाळाला आठी पडली. असं होता कामा नये! सगळ्यांबरोबर ते नावही फिरायला हवं होतं. पण ती तोंड उघडायच्या आत मष्णू उभा राहिला. जबाबदारीची सवय त्याला लागलीच होती.

“मला कळलं! जमिनीचा कागद बघा. वर कुणाची बी नावं असू देत, देणाऱ्याची सही तळाला. ती हलत न्हाय. मंजे वरची सगळी आपण हौशी मंडळी. कार्य मनुवैनीचं!”

मारुतीरावानं क्षणभर विचार केला. दादा कर्ता होण्यापेक्षा कुणीही चालेल, एवढाच तो विचार होता. “बराबर हाय! वैनी म्हणंल ते. आपली कबुली!”

भरमाप्पांनीही विचार केला. मारुती कर्ता होण्यापेक्षा... “हां. मनू म्हणंल तर... आमची तरी कुठं ना हाय.” आणि किती वर्षांनी दोघं भाऊ एका गोष्टीवर, म्हशीला न विचारता, एक झाले!

सिद्राम ही संधी सोडतोय होय! “मनुआक्का, लवकर सांगा. मांडवाचं तोंड कुठं?”

मनुबाई गोंधळल्या. सगळा गाव त्यांच्याकडं बघत होता. मग त्यांनी हळूच हात केला. “विहिरीकडं करा. रस्त्याच्या अंगाला लाईटची तार लोंबतीय. बांबू लागला तर जीव जाईल कुणाचा.”

वर बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. कट्ट्यावरून सगळ्यांनी घराकडं माना वळवल्या आणि वर बघितलं. तार लोंबत होती.

छापखान्याला फोन गेला: वरची नावं दिसतील तशी लावा, पण एक नाव एकदाच, आणि तळाला ‘आपली नम्र, श्रीमती मनुबाई किणेकर’, जाड ठशात. कागदाचा नमुना आला तेव्हा मनुबाईंनी तो गणपतीपासून वाचायला घेतला, आणि तळाला पोचल्यावर पुढचं छापखान्याचं नाव वाचायचं विसरल्या.

इथं थांबलं असतं तर सगळं गोडच होतं. पण ‘चुका काढा’ अशी ओळ लिहिली की कधीतरी कुणीतरी काढतोच!

त्या संध्याकाळी रचनाच्या पानावर निरोप आला. अनोळखी माणसाचा, तिच्या आयुष्यातला पहिला. तिनं उड्या मारतच सोप्यात येऊन वाचायला सुरुवात केली. बाजेवर भरमाप्पा आणि मारुतीराव शेजारी शेजारी चहा पीत बसले होते.

“‘नमस्कार. मी सुगत, निपाणीचा. माझ्या बहिणीचं लग्न आहे, म्हणून तुमचं कोड घेतलं. फार आवडलं. एकच विचारायचं होतं. यादीतलं शेवटचं नाव कधीच फिरत नाही. तुमची पिसणारी ओळ एक घर आधीच थांबते. बाकीचे सगळे जागा बदलतात, शेवटचा माणूस जन्मभर तळालाच. हे तुम्ही मुद्दाम केलंय की चुकून झालंय? दुरुस्ती सोबत पाठवलीय. कृपया उत्तर द्या.’”

शेवटाला येईपर्यंत रचना उड्या मारायची थांबली होती. सगळ्यांना सारखं करायला निघालेली ही शहाणी, आणि तिच्या हातूनसुद्धा तळाला अडकली ती आईच! आणि गावानं त्या चुकीलाच मान समजून गादीवर बसवलं होतं.

“मंजे?” मनुबाई चुलीपासून उठून दारात आल्या. “माझं नाव हलत नव्हतं, ते काय सही-बिही न्हवती. तुझं चुकलंतं.”

“व्हय आई. एका घरानं.”

भरमाप्पांच्या मिशा सावकाश वर यायला लागल्या. “बघा! मी म्हणलोतो न्हवं, पोरखेळ हाय म्हणून? मंजे मनू कर्ती झाली ती चुकून. मग आता आपला पयला कागद—”

“थांबा आप्पा,” मनुबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. पण हातात उलथनं तसंच होतं. “त्या निपाणीच्या पोरानं काय इचारलंय, रचना? परत वाच.”

“मुद्दाम, की चुकून?”

“पोरगं गुणाचं हाय. इचारतंय तरी.” त्या बाजेकडं वळल्या. “माझ्या लेकीच्या पत्रिकेत मी तळाला हुते, ते चुकून. तिनं कबूल केलं. तुमच्या कागदात मी तळाला बी न्हवते. ते मुद्दाम, का चुकून?”

मारुतीरावानं कपात तोंड घातलं. कप केव्हाच रिकामा झाला होता. भरमाप्पांनी न वाजलेला मोबाईल कानाला लावला. “हॅलो... कोण? हॅलो... छे, हितं रेंजच न्हाय!” म्हणत ते उठले आणि दाराकडं सरकले.

बाहेरच्या दारात त्यांच्याआधी मनुबाई जाऊन उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या नाहीत.

“मी फोनवर न्हाय, आप्पा. समोर उभी हाय. बसा, आणि सांगा. मुद्दाम, का चुकून?”